कीड कोणी दाखवायची? दात, प्रकाश आणि विश्वास यांचा एक इतिहास

१/
आपली दाढ आपल्याला कधीच दिसत नाही. आयुष्यभर आपण तिने चावतो, पण ती पाहायची झाली तर दुसऱ्याचे डोळे, दुसऱ्याचा आरसा आणि दुसऱ्याचा शब्द लागतो. "कीड लागली आहे" हे वाक्य म्हणूनच बहुतेकदा आपण पाहून मानत नाही, ऐकून मानतो. आजचा हा धागा या ऐकून मानण्याविषयी आहे आणि त्याच्या मध्यभागी आहे प्रकाश.

२/
दातांची कीड प्रकाशाने, विशेषतः प्रतिदीप्तीने म्हणजे फ्लुओरेसन्सने, ओळखण्याचा इतिहास शोधांची एक सरळ जिनेमालिका म्हणून सांगितला जातो: आधी हा दिवा, मग तो लेझर, मग ते यंत्र. माझे मत निराळे आहे. तो 'दाखवणाऱ्या'च्या अधिकाराचा इतिहास आहे. या प्रकाशाचा खरा उपयोग दात लवकर कोरण्यासाठी नसून तो न कोरता थांबण्यासाठी आहे, आणि हे समजायला वैद्यकाला जवळजवळ शतक लागले. का लागले, ते पाहू.

३/
आरंभ शब्दापासून करू. मराठीत दात 'किडतो'. हा शब्द निर्हेतुक आलेला नाही. सुश्रुतसंहितेत दंतरोगांच्या गणनेत 'कृमिदंतक' येतो. त्याहून दूर, मेसोपोटेमियातील मातीच्या इष्टिकेवर कोरलेल्या एका मंत्रात कृमी देवापुढे उभा राहतो, त्याला देऊ केलेली पिकलेली फळे नाकारतो आणि दात व हिरडी यांच्यामधली जागा राहायला मागतो. ठणकणाऱ्या दाढेत कोणीतरी जिवंत प्राणी बसून कुरतडतो आहे ही कल्पना अनेक संस्कृतींना सुचली. ज्याची दाढ रात्रभर ठणकली आहे त्याला तिचे नवल वाटणार नाही.

४/
जिथे अदृश्य कृमी, तिथे तो दाखवणारा माणूस आलाच. युरोपात हेनबेन नावाच्या वनस्पतीच्या बिया निखाऱ्यावर टाकून तोंडात धुरी देत. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी देत. धुरीनंतर पाण्याच्या भांड्यात पांढरट बारीक तुकडे तरंगताना दिसत. "पाहा, किडे पडले!" ते बहुधा उष्णतेने फुटलेल्या बियांचे गर्भ असत. रुग्णाला मात्र पुरावा मिळालेला असे. धुरीने ठणका काही वेळ शमतही असेल, पण पैसे मोजले जात ते 'दिसल्या'चे.

५/
हा पुरावा पहिल्यांदा तपासणाऱ्यांत एक होता डेल्फ्टचा कापडव्यापारी अँटनी फान लेवेनहूक. १६८३ साली त्याने दातांवरचा पांढरा थर आपल्या भिंगाखाली पाहिला आणि त्यात वळवळणारे सूक्ष्म जीव नोंदवले. १७०० साली दातातून धुरीने काढल्याचे सांगितलेले 'किडे' त्याच्याकडे आले. ते दाताचे नसून चीजमध्ये सापडणाऱ्या अळ्यांसारखे आहेत, असे त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. म्हणजे एकाच माणसाने खोटे कृमी खोडून काढले आणि खऱ्या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवले. त्या दोन गोष्टींचा संबंध मात्र त्याला जोडता आला नाही.

६/
१७२८ साली पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने आपल्या ग्रंथात कृमीची कल्पना बाजूला सारली. सूक्ष्मदर्शकाने शोधूनही त्याला किडे आढळले नव्हते. १८९० साली बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन संशोधकाने जुळणी केली: तोंडातले जिवाणू साखर-पिष्ट आंबवतात, त्यातून आम्ल बनते आणि ते आम्ल दातातील खनिज विरघळवते. कृमी गेला. त्याच्या जागी एक प्रक्रिया आली. आणि प्रक्रियेला आरंभ, मध्य आणि अंत असतो. आरंभ दिसेल का, हा प्रश्न आता अर्थपूर्ण झाला.

७/
त्याच्या उत्तराचे बीज मात्र दातांशी काहीही संबंध नसलेल्या एका खोलीत आधीच पडले होते. १८५२. केंब्रिजचा गणिती जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स. अंधाऱ्या खोलीत त्याने सूर्यकिरण लोलकातून नेले, त्यांचा वर्णपट पाडला आणि क्विनिनच्या द्रावणाची नळी त्या वर्णपटातून हळूहळू सरकवली. तांबड्यात काही नाही. हिरव्यात काही नाही. जांभळ्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला निव्वळ अंधार दिसतो, तिथे नळी पोहोचली आणि द्रावण निळे उजळले.

८/
डोळ्याला न दिसणारा प्रकाश पदार्थाने शोषला होता आणि दिसणारा प्रकाश परत दिला होता. परत येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी आत गेलेल्यापेक्षा जास्त असते, हा नियम आजही स्टोक्सच्याच नावाने ओळखला जातो. ओपल या रत्नावरून 'ओपलेसन्स' शब्द रूढ होता. त्याच धर्तीवर स्टोक्सने फ्लुओरस्पार या खनिजावरून 'फ्लुओरेसन्स' हा शब्द घडवला.

९/
इथे क्षणभर थांबू. फ्लुओरस्पार हे धातू वितळवताना मिसळले जाणारे खनिज. त्याचे नाव 'वाहणे' या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आले. त्यात दडलेल्या मूलद्रव्याला 'फ्लोरीन' म्हणावे असे अँपिअरने १८१२ साली हंफ्री डेव्हीला सुचवले आणि १८८६ साली आंरी म्वासाँने ते वेगळे केले. म्हणजे दाताची सुरुवातीची कीड दाखवणारी प्रतिदीप्ती आणि तीच कीड परतवण्यास मदत करणारे फ्लोराइड ही दोन्ही नावे एकाच दगडातून निघाली. ओळखणे आणि बरे करणे एका खाणीतले, पण त्यांची भेट व्हायला विसावे शतक निम्म्याहून अधिक सरावे लागले.

१०/
मध्ये एक मोठे नाट्य घडले. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्युर्त्सबुर्गमध्ये विल्हेल्म रोंटगेन याच्या प्रयोगशाळेत बेरियम प्लॅटिनोसायनाइड लावलेला पडदा अंधारात चमकू लागला. क्ष-किरणांचा शोध लागला तोही प्रतिदीप्तीच्या साक्षीने! काही आठवड्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, ओटो वाल्कहोफ या जर्मन दंतवैद्याने स्वतःच्याच दातांचे चित्र घेतले. त्यासाठी त्याला तब्बल २५ मिनिटे किरणांखाली राहावे लागले.

११/
अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्स याने त्याच वर्षी जिवंत रुग्णांच्या दातांची क्ष-किरण चित्रे घेण्यास आरंभ केला. वर्षानुवर्षे तो उघड्या हाताने यंत्र जुळवत राहिला. आधी बोटे गेली, मग हात गेला, शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या. १९२८ साली त्याने स्वतःचे जीवन संपवले. दुसऱ्याच्या दाढेत काय आहे ते पाहण्याची किंमत एका माणसाने आपल्या देहाने चुकवली. इतिहासात रस असलेल्याने हे नाव विसरू नये.

१२/
आणि योगायोग पाहा. त्याच १९२८ साली 'सायन्स' या नियतकालिकात हॅरल्ड बेनेडिक्ट याचे एक छोटे टिपण आले: अतिनील किरणांत दात प्रतिदीप्त होतात. पुढच्याच वर्षी त्याने सुचवले की दंतक्षयाच्या अभ्यासाची ही एक नवी वाट ठरू शकते, कारण निरोगी दात उजळतो आणि किडलेला भाग मंदावतो. दातांसह प्राण्यांच्या ऊतींची प्रतिदीप्ती हान्स श्ट्युबेल याने १९११ सालीच नोंदवली होती. रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाची अतिनील किरणांखेरीज बाकी प्रकाश अडवणारी काचही हाताशी होती. थोडक्यात, १९३० पूर्वी कल्पना होती, दिवा होता, निरीक्षण होते.

१३/
तरीही पुढची पन्नास वर्षे दवाखान्यात त्यातले काहीच आले नाही. का?

तांत्रिक कारणे खरी आहेत. प्रतिदीप्ती क्षीण असते, त्या काळचे दिवे अवजड होते, अतिनील किरण डोळ्यांना व त्वचेला अपायकारक असतात, आणि दिसलेले मोजून ठेवणारा सोयीचा कॅमेरा नव्हता. पण मला ही कारणे पुरेशी वाटत नाहीत. क्ष-किरणांच्या वाटेत याहून मोठे धोके होते, तरी काही दंतवैद्यांनी ते काही महिन्यांतच हाती घेतले.

१४/
माझ्या मते खरे कारण मागणीचे होते. त्या काळच्या दंतवैद्यकावर जी. व्ही. ब्लॅक याच्या शिकवणीची छाप होती. १९०८ सालचा त्याचा ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या प्रमाण राहिला. त्याचे सूत्र असे: कीड काढताना आजूबाजूच्या निरोगी खाचाही कोरून घ्याव्यात, म्हणजे तिथे पुन्हा कीड धरणार नाही. भरणाची साधने मर्यादित असलेल्या काळात ते तर्कशुद्धही होते. पण ज्या काळाकडे उपाय एकच, त्या काळाला निदानातले बारकावे नको असतात. हातात फक्त कोरण्याचे यंत्र असेल, तर 'न कोरता सुधारू शकेल' अशी अवस्था ओळखून करायचे काय?

१५/
या अनास्थेचा एक विलक्षण पुरावा आहे. अतिनील दिव्यात नैसर्गिक दात निळसर-पांढरे झळकत, तर त्या काळचे कृत्रिम दात काळे पडत. नाट्यगृहाच्या वा नृत्यशाळेच्या रोषणाईत कवळी उघडी पडे. मग कृत्रिम दातांच्या पोर्सेलीनमध्ये प्रतिदीप्तीसाठी चक्क युरेनियमची संयुगे मिसळली जाऊ लागली. ही रीत कित्येक दशके टिकली आणि किरणोत्सर्गाची चिंता वाढल्यावर तिची जागा दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांनी घेतली. पाहा: दाताची प्रतिदीप्ती आजार ओळखायला वापरण्याआधी ती उसन्या हास्याची शोभा वाढवायला वापरली गेली. तंत्र उपलब्ध होते. प्रश्न कोणी विचारत नव्हते.

१६/
प्रश्न बदलला तो कीड 'परतू शकते' हे कळल्यावर. कीड म्हणजे एकदम पडलेले भोक नव्हे. आधी इनॅमलमधून खनिज झिरपून जाते आणि पृष्ठभाग शाबूत असतानाच आतला भाग सच्छिद्र होतो. खडूसारखा पांढरा ठिपका ही त्याची खूण. लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट फ्लोराइडच्या साहाय्याने तिथे पुन्हा बसू शकतात.

१७/
नेदरलंड्समधील बाकर डिर्क्स याचा १९६६ सालचा अभ्यास या बाबतीत मला फार मोलाचा वाटतो. आठव्या वर्षी मुलांच्या दाढांवर असे ७२ पांढरे ठिपके नोंदवले होते. ती मुले पंधरा वर्षांची झाली तेव्हा त्यांतील ३७ ठिकाणी दात पुन्हा निरोगी दिसत होता, २६ ठिपके जसेच्या तसे होते आणि केवळ ९ ठिकाणी भोक पडले होते. ७२ पैकी ९. उरलेले ६३ कोणी 'वेळीच' कोरले असते तर त्याला आपण प्रतिबंध म्हटले असते, आणि तो दात आयुष्यभरासाठी भरणाच्या फेऱ्यात सापडला असता. भरण कायम टिकत नाही. ते बदलताना पोकळी प्रत्येक वेळी थोडी मोठी होते.

१८/
आता आरंभीची अवस्था ओळखण्याला अर्थ आला आणि प्रकाशाचे दिवस पालटले. इथे एक भारतीय धागा येतो. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी लंडनच्या इंपिरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासह काम करत होते. काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा वाकवून नेता येते, हे त्यांनी १९५४ साली 'नेचर'मध्ये दाखवले. १९७० साली फ्रीडमन आणि मार्कस यांनी तंतूंतून नेलेला थंड, प्रखर प्रकाश दातांच्या आरपार टाकण्याची रीत मांडली. किडलेला भाग प्रकाश विखुरतो, म्हणून तो सावलीसारखा दिसतो. दोन दातांमधली फट, जिथे आरसा पोहोचत नाही, तिथे ही सावली बोलू लागली.

१९/
१९८१ साली न्यूयॉर्कमध्ये अल्फानो आणि याओ यांनी निरोगी व किडलेल्या दातांच्या प्रतिदीप्तीचे वर्णपट ताडून पाहिले. १९८२ साली ब्येल्कहागेन, सुंडस्ट्रोम, आंगमार-मॉन्सॉन आणि रिडेन या स्वीडिश संशोधकांनी अर्गॉन लेझरचा ४८८ नॅनोमीटरचा निळा-हिरवा प्रकाश दातावर टाकला आणि मूळ प्रकाश अडवणाऱ्या पिवळ्या गाळणीतून पाहिले. दात उजळला. त्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या जागी काळोखे डाग उमटले. बेनेडिक्टचे निरीक्षण, अर्धशतकानंतर, नव्या दिव्याखाली.

२०/
डाग काळा का दिसतो? निरोगी इनॅमल अर्धपारदर्शक असते. प्रकाश त्यातून खालच्या डेंटिनपर्यंत पोहोचतो आणि मुख्यतः तिथून प्रतिदीप्ती परत येते. सच्छिद्र झालेले इनॅमल धुक्यासारखे वागते. प्रकाश खाली पोहोचत नाही आणि जो काही उजळतो तोही वर येताना विखुरतो. धुक्यात कंदील मंद दिसावा तसे. १९९५ साली एल्बर्ट दे योसेलिन दे योंग आणि सहकाऱ्यांनी लेझरऐवजी साधा दिवा, गाळण्या आणि लहान कॅमेरा जोडून ही मंदता संगणकावर मोजली. त्यामुळे एकाच डागाचे आजचे आणि सहा महिन्यांनंतरचे चित्र शेजारी ठेवता येऊ लागले.

२१/
१९९८ साली जर्मनीच्या उल्ममधील हिब्स्ट आणि गॉल यांनी उलट्या तत्त्वाचे यंत्र मांडले. प्रकाश निळा नव्हे, तांबडा: ६५५ नॅनोमीटर. या प्रकाशात निरोगी दात फारसा उजळत नाही. जिवाणूंनी तयार केलेली पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्ये मात्र उजळतात. यंत्र पेनासारखे, वाचन ० ते ९९, आणि आकडा चढेल तसा चढणारा आवाज. 'डायग्नोडेंट' या नावाने ते जगभर गेले. पहिल्या पद्धतीत कीड अंधारते, दुसरीत ती चमकते. पहिली खनिज गेल्याचे सांगते, दुसरी जिवाणूंचा वावर सांगते. 'प्रतिदीप्तीने कीड दिसते' असे सरसकट म्हणताना हा भेद हरवतो.

२२/
आता एक घरगुती अनुभव. दोन वर्षांपूर्वी एका दवाखान्यात असेच पेन माझ्या दाढेवर टेकवले गेले. आवाज चढला, पडद्यावर ३८ आला. "कीड आहे, आजच भरून घेऊ." पडदा माझ्याकडे वळवलेला होता. मी आकडा पाहिला आणि माझे सगळे प्रश्न संपले. त्या दिवशी खिशात पुरेसे पैसे नव्हते, एवढ्याच कारणाने मी उठलो.

२३/
पुढे दुसऱ्या दंतवैद्यांकडे गेलो. त्यांनी दाढेची खाच ब्रशने स्वच्छ केली, हवेच्या फवाऱ्याने वाळवली आणि दिव्याखाली नीट पाहिली. म्हणाल्या, "हा चहाचा डाग दिसतो. आत काही नाही. सहा महिन्यांनी परत या, पुन्हा पाहू." तेव्हापासून ठरल्या वेळी जातो आहे. दाढ आहे तशी आहे.

पहिल्या डॉक्टरांनी फसवले असे मी म्हणत नाही. यंत्राने तिथे जे होते तेच टिपले. डाग, साचलेले कीटण, दात घासण्याच्या लेपाचे अवशेष यांनीही असा आकडा चढतो. चूक यंत्राची नव्हती. चूक होती ती आकड्यापासून कोरण्यापर्यंत एका ढांगेत पोहोचण्याची.

२४/
हे माझ्या एकट्याच्या दाढेपुरते नाही. २००४ साली बेडर आणि शुगर्स यांनी या यंत्रावरील अभ्यासांचा आढावा घेतला. निष्कर्ष असा: पारंपरिक तपासणीपेक्षा यंत्र अधिक संवेदनशील आहे, पण जिथे कीड नाही तिथेही ती असल्याचे सांगण्याची शक्यता वाढते, म्हणून निदानाचा मुख्य आधार म्हणून त्याचा उपयोग मर्यादित आहे. कोणत्या आकड्याला कोरावे, याच्या मर्यादाही निरनिराळ्या अभ्यासांत निरनिराळ्या निघाल्या. दशांशापर्यंत नेमके वाटणारे मापन आणि नेमका निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२५/
आणि म्हणून मला पाण्याच्या भांड्यातले ते 'किडे' आठवतात. तुलना कठोर आहे, ती जपून करतो. धुरीवाल्याचे किडे खोटे होते, यंत्राचा प्रकाश खरा आहे. पण रुग्णाची जागा बदलली आहे का? तेव्हा त्याला भांड्यात काहीतरी दाखवले जाई, आता पडद्यावर काहीतरी दाखवले जाते. दोन्ही वेळी त्याला दिसते, पण त्याचा अर्थ लावण्याची किल्ली दुसऱ्याच्याच हाती राहते. आणि ज्याच्या हाती किल्ली, त्यालाच कोरण्याचे पैसे मिळतात. हा दोष माणसांचा कमी, व्यवस्थेचा जास्त आहे. थांबण्याचे, लक्ष ठेवण्याचे मोल आपण देत नाही, भरणाचे देतो.

२६/
यावर एक सरळ आक्षेप येईल: "उशीर झाला तर? चार निरोगी खाचा कोरल्या गेल्या तरी चालतील, एक खरी कीड निसटू नये." आक्षेप मी हलका मानत नाही. ज्याने मूळनलिकेच्या उपचाराची वेदना व खर्च सोसला आहे, त्याला तो पटेल. पण दंतक्षय बहुधा महिन्या-वर्षांच्या गतीने सरकतो. संशयित खाच लिहून ठेवून पुन्हा पाहिली, तर निसटलेली कीड पुढच्या खेपेस सापडते. कोरलेले इनॅमल मात्र पुन्हा उगवत नाही. शरीर ते एकदाच घडवते. एका चुकीची दुरुस्ती होते, दुसरीची होत नाही. तराजू इथेच झुकतो. (भोक पडले असेल, ठणका वा सूज असेल तर हा युक्तिवाद लागू नाही. तिथे थांबू नये.)

२७/
दुसरा आक्षेप: "मग यंत्रे नकोतच का?" हवीत. क्ष-किरणांशिवाय पुन्हापुन्हा पाहता येते, हा लहान मुलांसाठी मोठा लाभ आहे. विशेषतः चित्र देणाऱ्या पद्धती मला आकडा देणाऱ्या पद्धतींपेक्षा श्रेयस्कर वाटतात. आकडा निकाल सुनावतो, चित्र तुलनेला बोलावते. निळ्या-जांभळ्या प्रकाशात जुना साचलेला थर तांबूस चमकतो. तो मुलाने स्वतः पाहिला, घासून आला आणि पुन्हा पाहिला, तर प्रकाशाने प्रथमच किल्ली रुग्णाच्या हाती दिली असे म्हणता येईल. यंत्र तेच, पण दाखवण्याचा हेतू बदलला.

२८/
या साऱ्या झगमगाटात सर्वांत स्वस्त प्रकाशयुक्ती मात्र दुर्लक्षित राहते: दात वाळवून पाहणे. इनॅमलचा अपवर्तनांक सुमारे १.६२, पाण्याचा १.३३, हवेचा १. ओल्या दातात सूक्ष्म छिद्रे पाण्याने भरलेली असतात. फरक कमी, म्हणून प्रकाश कमी विखुरतो आणि कोवळी कीड लपते. हवा मारली की छिद्रांत हवा शिरते, फरक वाढतो आणि पांढरा ठिपका उमटतो. ओल्या दातावरही दिसणारा ठिपका अधिक खोल गेलेला असतो. एक दिवा, हवेचा फवारा, काही सेकंदांचा धीर. स्टोक्सला ही युक्ती निश्चित आवडली असती.

२९/
उलट, शतकभर प्रतिष्ठित राहिलेली सवय, म्हणजे टोकदार सळईने खाचेत रुतवून पाहणे, हीच संशयास्पद ठरली. १९८७ साली एकस्ट्रँड, क्विस्ट आणि थिलस्ट्रुप यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले की अशा टोचण्याने कोवळ्या किडीवरचा शाबूत पृष्ठभाग मोडू शकतो. तपासणीच आजाराला दार उघडून देत होती. 'पाहणे' आणि 'टोचणे' यांतला फरक सुसंस्कृत वैद्यकाचा फरक आहे, असे मला वाटते.

३०/
तरुण इतिहासप्रेमींना या कथेतून एक पद्धत उचलता येईल. 'पहिल्यांदा कोणी शोधले' या यादीवर थांबू नका. श्ट्युबेल १९११, बेनेडिक्ट १९२८, स्वीडन १९८२: या तारखा पाठ करण्यापेक्षा त्यांच्यामधली रिकामी दशके वाचा. शोध का पडून राहिला? त्याची गरज कोणाला नव्हती? त्या काळात त्याच गोष्टीचा उपयोग कशासाठी होत होता? युरेनियमची कवळी कोणत्याही शोधयादीत नसते, पण त्या युगाचे मन ती उघडे करते.

३१/
आणि रुग्ण म्हणून, म्हणजे उद्या खुर्चीत बसणार आहोत त्या आपण सर्वांनी, तीन साधे प्रश्न जवळ ठेवावेत. "डॉक्टर, दात स्वच्छ करून, वाळवून मला आरशात दाखवाल का?" "हे भोक आहे की अजून परतू शकणारी अवस्था आहे?" "आज नोंद ठेवून काही महिन्यांनी पुन्हा पाहिले तर काय बिघडेल?" चांगला दंतवैद्य या प्रश्नांनी दुखावत नाही. माझ्या अनुभवात तर तो खुलतो.

३२/
मराठीत दात अजूनही 'किडतो'. तो शब्द बदलावा असे मला वाटत नाही. हजारो वर्षांच्या वेदनेची ती खूण आहे. पण त्या शब्दातला अदृश्य कृमी दाखवण्याचा मक्ता आता कोणाकडेही राहू नये. जांभळ्यापलीकडच्या अंधारात नळी धरून स्टोक्सने न दिसणारे दिसते केले. दिसल्यावर लगेच हत्यार न उचलणे, हा त्याच शोधाचा उरलेला अर्धा भाग आहे. तो आपल्याला पूर्ण करायचा आहे.

धागा समाप्त. तुमच्या घरी दातातील 'किडे' काढणाऱ्यांच्या आठवणी असतील तर खाली जरूर लिहा. आजी-आजोबांना विचारून लिहिलेत तर अधिक उत्तम. तोही इतिहासच आहे.